“आत या” म्हटलं, पण बसवायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: बालवाडीत शिकवणाऱ्या एका ताईंनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तकाचा मजकूर लिहिला आहे. धो धो पाऊस पडतोय. मिनू दार उघडते आणि कुत्रा, मांजर, चिमणी, गाय, बेडूक, पोस्टमनकाका, भाजीवाल्या मावशी असे एकेक जण येत राहतात. ती सगळ्यांना आत घेते. शेवटी आजी म्हणते, “मन मोठं असलं की घर आपोआप मोठं होतं.” यात काय कमी आहे, प्राणी कोणते आणि किती असावेत, चित्रकाराला काय सांगायचं आणि पुस्तक किती पानांचं करायचं, असं त्यांनी विचारलं आहे. लहान मुलांच्या चित्रपुस्तकांचं संपादन हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

ताई, मजकूर मोठ्याने वाचला. लय चांगली आहे, पावसाचे आवाज कानाला गोड लागतात, आणि बेडकालाही आत घेणारी मुलगी मला लगेच आवडली. तरी तिसऱ्या पाहुण्याशी माझं लक्ष उडालं. तुमच्या वर्गातल्या मुलांचंही तिथेच उडेल. मिनूला काही अडचणच येत नाही. कुत्रा आला, ये. मांजर आली, ये. गाय आली, ये. सात पाहुणे घरात शिरले तरी एक उशीसुद्धा जागची हललेली नाही.

लहानांसाठी स्वागताची गोष्ट लिहायची म्हणजे जागेची गोष्ट लिहायची, असं माझं ठाम मत आहे. चार वर्षांच्या मुलाला ‘मोठं मन’ म्हणजे काय ते कळत नाही. पण आपल्या बसकरावर दुसरं कुणी येऊन बसलं की काय वाटतं, डब्यातला लाडू अर्धा दिला की किती उरतो, घरात बाळ आल्यापासून आईच्या कुशीतली आपली बाजू कुठे गेली, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तेव्हा गोष्ट बसण्याच्या, सरकण्याच्या, भिजण्याच्या आणि भुकेच्या भाषेत सांगा. त्यापुढचं ते स्वतः जोडून घेईल. नाही घेतलं तरी काही बिघडत नाही.

मराठी मूल अगदी सुरुवातीला जी गोष्ट ऐकतं ती दाराचीच. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा भिजत चिऊताईच्या दारात उभा राहतो. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाचं अंग पुसते. थांब, काजळ घालते, तीट लावते. शेवट मात्र घरोघरी वेगळा. कुठे ती दार उघडून गारठलेल्या कावळ्याला चुलीजवळ बसवते आणि त्याचे पंख भाजतात, कुठे तो आत शिरून पिल्लं खातो, कुठे दार उघडायच्या आधीच मूल झोपतं. सांगणाऱ्याच्या मनात कावळ्याविषयी जे असेल तसा शेवट. गंमत म्हणजे त्याच मुलाला भरवताना आपण ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ करत दोघांनाही एका ताटाशी आणून बसवतो.

ही गोष्ट एवढी टिकली ती त्या ‘थांब’मुळे. दार बंद आहे, बाहेर कुणीतरी भिजतंय, आत कामं संपत नाहीत. मुलं हा ताण अक्षरशः चघळतात. सांगताना एखादं ‘थांब’ गाळून बघा, लगेच चूक काढतील. तुमची मिनू म्हणजे चिऊताईला दिलेलं उत्तर आहे, आणि उत्तर द्यावंसं वाटणं योग्यच आहे. पण उत्तर देण्याच्या भरात तुम्ही ‘थांब’ काढून टाकलंत, आणि गोष्टीतली जान त्याच्याबरोबर गेली. मिनूने दार उघडावं, पण आधी तिला प्रश्न पडावा. ती कुत्र्याला घाबरत असेल. बेडूक तिला किळसवाणा वाटत असेल. गाय दारातून मावेल का, हा तर खराच प्रश्न आहे. तिला मागे वळून घराकडे बघू द्या. तुमच्या ध्रुवपदाच्या जागी मी तात्पुरतं असं काही घालून वाचलं:

थांब थांब, जागा बघते,
थोडी तू सरक, थोडी मी सरकते.

हे वापरायलाच हवं असं नाही, याहून बरं तुम्हाला सुचेल. मुद्दा असा की ‘थांब’ राहिलं, आणि या वेळी त्याचा अर्थ दार लावून घेणं असा नाही. शिवाय दर वेळी ‘तू’ बदलतो. पहिल्यांदा फक्त आजी सरकते. दुसऱ्यांदा आजी आणि कुत्रा. सहाव्या पाहुण्यापर्यंत आधीच्या सगळ्यांना पुन्हा उठून बसावं लागतं, आणि मघाशी आत आलेलाच आता कुरकुर करतो. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळालेला माणूस पुढच्या स्टेशनवर ‘आता इथे जागा कुठंय’ म्हणतो, अगदी तसं. मुलांना हे फार हसवतं. नवा पाहुणा आला की सगळ्यात जास्त कटकट मघाशी आलेल्या कुत्र्याची असू द्या.

या रचनेच्या लोककथा जगभर आहेत. युक्रेनमधली हातमोज्याची गोष्ट मला त्यात फार आवडते. बर्फात एका आजोबांचा हातमोजा जंगलात पडतो. त्यात आधी उंदीर राहायला येतो, मग बेडूक, ससा, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर आणि शेवटी अस्वल. दर वेळी आतले विचारतात कोण आहे, बाहेरचा स्वतःची ओळख सांगतो, आणि कसंबसं आत घेतलं जातं. अस्वलापर्यंत हातमोजा उसवायला आलेला असतो. इतक्यात आजोबा शोधत येतात, त्यांचा कुत्रा भुंकतो आणि सगळे पळून जातात. आजोबा हातमोजा उचलून घरी जातात. संपलं. कुणी कुणाला काही शिकवत नाही. प्राणी लहानापासून मोठ्याकडे का येतात ते पाहा: ऐकणारं मूल दर वेळी मनात मोजमाप करतं आणि ‘आता मावणारच नाही’ म्हणतं. तुमच्याकडे कुत्रा, मांजर, चिमणी, गाय, बेडूक असा क्रम आहे. गाय येऊन गेल्यावर बेडकाला कोण विचारतो? क्रम बदला. किंवा मुद्दाम उलटा करा: गाय मावते, मग इवल्या बेडकासाठीच जागा सापडत नाही, कारण तो कुणालाच शेजारी नको असतो. हे मला जास्त आवडेल.

आता पाहुण्यांकडे येऊ. तुमच्या मजकुरात मांजर ‘प्रेमाने मिनूचे आभार मानते’. असली मांजर मी पाहिलेली नाही. मांजर आत येते ती घर तिचंच असल्यासारखी, सगळ्यात उबदार जागा बघून मुटकुळं करते आणि वर पाठ फिरवते. तिला तसंच करू द्या. ज्याला आत घेतलं त्याने कृतज्ञ असलं पाहिजे, ही अट पुस्तकात नकळत शिरते आणि मुलं ती अचूक टिपतात. संतांच्या कथांमध्ये ही अट नाही. नामदेवांची पोळी कुत्रा उचलून पळतो आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. कुत्रा मागे वळून पाहतो का? नाही. काशीची कावड रामेश्वराला नेताना एकनाथ ते पाणी तहानलेल्या गाढवाला पाजतात, आणि गाढव गाढवच राहतं. दोन्ही कथांमध्ये धांदल, धावपळ, सांडणं-लवंडणं हे सगळं माणसाच्या वाट्याला आहे. मिनूच्या वाट्याला तेवढी धांदल द्या.

प्राण्यांच्या बाबतीत चित्रकाराशी बोलण्याआधी तुम्ही स्वतः थोडं नीट बघून ठेवा. प्रत्येक प्राण्याची घरातली जागा त्याच्या सवयीतून यावी. बेडकाला कातडी ओली लागते, तो चुलीजवळ सुकेल. त्याची जागा मोरीत. चिमण्या जुन्या घरांमध्ये भिंतीवरच्या तसबिरीच्या मागे घरटं करत, तेव्हा चिमणीला आजोबांच्या फोटोमागे बसवा. कुत्रा आत आला की आधी अंग झाडणार, आणि ते पाणी नेमकं कुणाच्या अंगावर उडतं हा एका पानाचा विनोद आहे. गायीला दिवाणखान्यात कोंबू नका. घाटातल्या आणि मावळातल्या कितीतरी जुन्या घरांत एकाच छपराखाली अर्ध्या भागात गुरं आणि अर्ध्या भागात माणसं राहत आली आहेत. मिनूचं घर तसं असेल तर गायीचं येणं चमत्कार राहत नाही. मग ती उंबऱ्यावरून मान आत घालून आजीच्या भाकरीकडे बघेल. तुमचं घर शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरचं असेल तर गाय सरळ काढून टाका आणि पारवा घ्या.

खाण्याचं बघा. मिनू सगळ्यांना चॉकलेट वाटते असं पान आहे. चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं, द्राक्षं आणि कांदाही बाधतो. चित्रात दिसलेलं मूल करून बघतं. मांजरीला वाटीभर दूध हे चित्र इतकं रुळलंय की ते कुणाला खटकत नाही, पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही. नंतर कधी सापाला आणायचा विचार आला, तर नागपंचमीचं दूध त्याच्यापुढे ठेवू नका. साप दूध पीत नाहीत. आणि पोपट असेल तर पिंजरा नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानपोपट घरात पाळणं गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यातल्या पाहुण्याला पाहुणा म्हणवत नाही.

कुत्र्याचं पान सगळ्यात जपून करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे पिसाळल्याचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात त्यांतली सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. तुमची मिनू अनोळखी कुत्र्याला धावत जाऊन मिठी मारते. ती मिठी मला नको आहे. ती दारातून बाजूला होऊ दे, कुत्रा आपणहून आत येऊ दे, हुंगू दे, कोपरा निवडू दे. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ मिनूचा हात कुठल्याही चित्रात जाता कामा नये. हे सगळं मजकुरात सांगायची गरज नाही, चित्रात पाळलं की पुरे. उलट यातून गोष्टीला एक चांगली गोष्ट मिळते: मिनू मागे सरकते, आणि ते सरकणं हेच तिचं ‘ये’ असतं.

‘सगळे’ म्हटल्यावर वाघ येणार का, हा प्रश्न मुलं विचारणारच. याचं उत्तर पालघर-ठाण्याच्या वारल्यांकडून घ्यावं. त्यांच्याकडे वाघोबा हा देव आहे. लाकडावर किंवा दगडावर त्याची मूर्ती कोरतात, तिला शेंदूर लावतात, वाघबारशीला पूजा करतात. त्याचं ठाणं बहुधा घरांपासून दूर, रानाच्या बाजूला. त्याला मान आहे, वाटा आहे आणि अंतरही आहे. मुंबईत संजय गांधी उद्यानाच्या कडेला बिबट्यांच्या शेजारी राहणाऱ्या पाड्यांमधूनही ही श्रद्धा दिसते. तेव्हा तुमच्या पुस्तकात बिबट्या यायचा असेल तर तो दारावर टकटक करणार नाही. तो एका पानावर लांब, झाडाखाली भिजत बसलेला दिसेल, मिनू खिडकीतून त्याला बघेल आणि त्याच्यासाठी कुणीच सरकणार नाही, कारण त्याची जागा तिथे आहेच. (वारली शैलीतली चित्रं काढून घ्यायचा मोह झाला तर ती वारली चित्रकाराकडूनच घ्या. चौकोनी किनार आणि काठीची माणसं कुणालाही काढता येतात, आणि ती तशीच दिसतात.)

आता जे सांगायचंय ते थोडं अवघड आहे. तुमच्या यादीत पाच प्राणी आणि दोन माणसं आहेत. पाचही प्राणी घरात आत, उबेला, माणसांच्या मांडीजवळ. पोस्टमनकाका दारातच उभे राहून चहा पितात. भाजीवाल्या मावशी ‘ओसरीवर टेकतात’. तुम्ही हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. आपल्या हाताला तशी सवयच आहे. प्राण्यांना आत घेणं आपल्याला नेहमीच सोपं गेलं. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मनाई होती. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला होता, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्षात पाणी मिळेना. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि तळ्याचं ‘शुद्धीकरण’ही केलं गेलं.

हा इतिहास चार वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात घालायला मी सांगत नाही. पण ‘प्राण्यांसह सगळे’ असं पुस्तक मराठीत करणाऱ्याच्या डोक्यात तो असावा. कारण तो चित्रात उतरतो. मावशी कुठे बसल्यात? सोफ्यावर कुत्रा आणि जमिनीवर मावशी, असं चित्र माझ्याकडे वेगवेगळ्या हातांनी काढलेलं पुन्हा पुन्हा येतं, आणि काढणाऱ्याला ते दाखवून दिलं की तोही चपापतो. मावशींना पाणी कुठल्या पेल्यात दिलंय? सगळ्यांसाठी स्टीलचे पेले आणि त्यांच्यासाठी वेगळा कप, असं रंगवलं गेलंय का? मावशी फक्त ‘भाजीवाल्या मावशी’ आहेत, की त्यांना नाव आहे? कुत्र्याला तुम्ही मोती म्हटलंय, चिमणीला चिऊताई, मांजरीला मनीमावशी. माणसांना फक्त धंदा.

एक सोपी तपासणी करा. प्रत्येक पाहुण्यापुढे तीन रकाने आखा: कुठे बसला, काय खाल्लं-प्यायलं, आणि त्याच्यामुळे घरात काय बदललं. तिसरा रकाना ज्याच्यापुढे रिकामा राहील, तो पाहुणा चित्र भरायला आणलेला आहे. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचं असंच होतं. हल्ली जवळजवळ प्रत्येक ‘सर्वसमावेशक’ हस्तलिखितात ती असते: कडेला, हसत, काहीही न करता. ती खरंच येणार असेल तर आधी उंबऱ्याचं काय करायचं ते गोष्टीत ठरू द्या. फळी टाकावी लागेल. ती फळी मिनू कुठून आणते? आणि मग त्याच फळीवरून बेडूक घसरगुंडी करेल. झाली की नाही घरात काहीतरी हालचाल!

दारातला पाऊस हा स्वागताच्या गोष्टीचा सगळ्यात जुना प्रसंग आहे. चालतो, म्हणूनच सगळे तोच घेतात. पण तुम्ही खेड्यातल्या वातावरणाच्या जवळ असाल तर याहून ताजे प्रसंग तुमच्या आसपासच आहेत. दख्खनच्या पठारावरचे धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि पावसाळ्याआधी परततात. बरोबर घोडी, कुत्री, कोंबड्या, घोड्यावर बांधलेला संसार आणि त्यावर बसवलेली पोरं. वाटेतले शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर मेंढरं तिथे बसली की रानाला लेंडीखत मिळतं, आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. माणसांनी आणि जनावरांनी मिळून केलेलं असं स्वागत मला फार कमी पुस्तकांत दिसलंय. इथे कुणी कुणावर उपकार करत नाही. एका रात्रीत रिकामं रान पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांनी भरतं आणि सकाळी पुन्हा रिकामं होतं. चित्रकाराला याहून काय हवं? शेतकऱ्याची मुलगी आणि धनगराचा मुलगा, मध्ये एक मेंढरू. किंवा ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून कारखान्यांच्या भागात आलेलं कुटुंब घ्या, बैलगाडी, बैल आणि कोंबड्यांसकट, आणि वर्षाच्या मध्येच शाळेत येऊन बसलेलं नवं मूल. तुमच्या वर्गात असं एखादं असेल तर मिनूला थोडं बाजूला ठेवून त्याच्याकडे बघा. पण त्या मुलाला ‘बिचारा’ करून आणू नका. बैल कसा जुंपायचा हे वर्गात फक्त त्यालाच माहीत असतं.

पानांचा हिशोब आता. छापखान्यात फर्मा (छापून घड्या घातलेला एक मोठा कागद) बहुधा आठ किंवा सोळा पानांचा असतो, त्यामुळे चित्रपुस्तकं १६, २४ किंवा ३२ पानांची होतात. मधोमध पिना मारायच्या पुस्तकाची पानं चाराच्या पटीतच लागतात. तुमच्यासाठी २४ बरोबर. पहिल्या पानावर शीर्षक, दुसऱ्यावर प्रकाशनाचा तपशील, तिसऱ्यावर पाऊस. ४ ते २३ मध्ये समोरासमोरच्या पानांच्या दहा जोड्या मिळतात, आणि शेवटी चोविसावं पान एकटं. दहा जोड्यांची वाटणी: एक रिकाम्या घराची, सात पाहुण्यांच्या, एक घर खच्चून भरल्याची, एक पाऊस थांबल्याची. म्हणजे सात पाहुणे ही तुमची संख्या बसते, आठवा आणू नका. १२-१३ ही मधली जोडी एकाच अखंड कागदावर येते, तिथे चित्राचे दोन भाग जुळवायची कटकट नसते. गाय तिथे आडवी पसरवा.

टकटक नेहमी उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात हवी. पान उलटल्यावर पाहुणा दिसावा. सध्या तुम्ही एकाच पानावर टकटक, दार आणि कुत्रा असं सगळं दिलंय. पान उलटण्याआधी “कोण असेल?” असं विचारायला वाचणाऱ्याला सवडच नाही. एखाद्या वेळी फसवा: मोठ्ठी सावली दाखवा आणि पान उलटल्यावर बेडूक काढा.

चित्रकाराला एकच अट घाला, बाकी त्याच्यावर सोडा. सगळ्या पानांवर तीच खोली, त्याच कोनातून, मिनूच्या डोळ्यांच्या उंचीवरून. पहिल्या जोडीत ऐसपैस जागा, बरीचशी कोरी. मग ती भरत जाईल, आणि घड्याळ, छत्री, चपला काय काय कुठे सरकलंय ते मुलं बोटांनी शोधतील. शब्दांत एकदाही न येणारा एक उंदीर पहिल्या चित्रापासून घरातच असू दे. त्याला कुणी बोलावलेलं नाही, तो आधीपासूनचा रहिवासी आहे. मांजर आत आली की मुलांचा जीव त्याच्यात अडकेल. मांजर उंदराला खाणार नाही का, हेही कुणीतरी विचारेल. उत्तर चित्रात द्या: उंदीर कायम मांजरीला पोचता येणार नाही अशा उंचीवर. मैत्री करून देऊ नका.

भाषेचं थोडक्यात. साडेतीनशे-चारशे शब्दांवर जाऊ नका. आत्ता त्याच्या दुप्पट आहेत. ‘मिनूने सर्वांचे सहर्ष स्वागत केले’ हे वाक्य काढाच. बसण्यासाठी मराठीत केवढे शब्द आहेत: कुणी फतकल मारतं, कुणी अंग चोरून बसतं, कुणी उकिडवं, कुणी टेकतं, कुणी पसरतं, कुणी दाटीवाटीने. प्रत्येक पाहुण्याला त्याची वेगळी बैठक मिळाली तर विशेषणांची गरजच पडणार नाही. अक्षर १८-२० पॉइंटच्या खाली नको आणि दोन ओळींत मोकळी जागा हवी, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात.

शेवटाकडे. आजीचं वाक्य काढा. ते खरंही नाही: मन कितीही मोठं असलं तरी घर तेवढंच राहिलं, आणि तेवढ्याच घरात सगळे मावले ही तर गोष्टीची गंमत. पाऊस थांबल्यावर बरेच जण जातील. चिमणी उडेल, पोस्टमनकाकांना पत्रं वाटायची आहेत, गायीला चरायला जायचंय. सगळे कायमचे राहिले असं दाखवलंत तर मूल मनात पसारा मोजेल आणि विश्वास ठेवणार नाही. कुणीतरी एक राहील. कोण, ते तुम्ही ठरवा, पण सगळ्यात गोंडस असलेला नको. आणि मिनूला तिची स्वतःची, एकटीची जागा परत मिळालेली दिसू द्या, निदान एका चित्रात. सतत सरकायला लावलेल्या मुलाला त्याची फार गरज असते.

प्रकाशकाकडे जाण्याआधी कोऱ्या कागदांना घड्या घालून २४ पानांची डमी करा, काडीची चित्रं काढा आणि वर्गात वाचा. ‘आवडलं का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. कुठल्या पानाला मुलं पुढे सरकतात आणि कुठे शेजाऱ्याला चिमटे काढायला लागतात ते बघा. चिमट्याचं पान गाळा. नमुने बघायचे असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात. त्यांत पान उलटण्याची जागा कोण कशी साधतं एवढंच बघत बसा. प्रकाशकाला मजकूर आणि डमी पाठवा, चित्रं पूर्ण करून पाठवू नका, त्यांचा चित्रकार बहुधा ठरलेला असतो. स्वतःच छापणार असाल तर चित्रकाराचं मानधन आणि पुढच्या आवृत्तीतला वाटा आधी कागदावर लिहून घ्या, आणि त्याचं नाव मुखपृष्ठावर तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात छापा.